पाठ टाचणाच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

संपादक महोदय,

बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांसाठी शाळांत गेले की त्यांच्या गटांत टाचणाबद्दल, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याबद्दल, पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'या घटकाचे टाचण कुणाकडे आहे का?' मग मागच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी वहीचे फोटो फिरतात, नाहीतर इंटरनेटवरून आठ-दहा पानांचे तयार टाचण उतरवले जाते. हस्ताक्षर नवे, पाठ जुना. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण साहित्य कुठे असते आणि ते कोणत्या क्रमाने शोधायचे, हे या मुलामुलींना जवळ बसवून फारसे कुणी दाखवत नाही. २०१४च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड.ला एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी. एवढा काळ उसन्या वह्यांवर निभावून नेता येतो, इथेच पाणी मुरते.

उतरवलेले टाचण गोव्यात तर हमखास फसते. मराठीतली बहुतेक तयार टाचणे महाराष्ट्राच्या बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेली असतात. आपल्याकडे सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून चालतात आणि त्यापुढे बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जाऊन एनसीईआरटीची पुस्तके हातात घेतात. घटकाचे नाव तेच, पण इयत्ता वेगळी, पूर्वज्ञान वेगळे, उदाहरणे वेगळी. टाचणात ज्वारीचे कणीस आणि विहिरीवरची मोट, आणि समोर बसलेले मूल खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट सखल शेतातल्या, भाताचे. अशा तासाला प्रस्तावनेचे प्रश्नच आपटतात. 'तुमच्या शेतात काय पिकते?' या प्रश्नाला टाचणात लिहिलेले उत्तर येत नाही आणि छात्राध्यापक गांगरतो. पुढची तीस मिनिटे तो मुलांकडे बघत नाही, वहीकडे बघतो.

साहित्य शोधायला निघण्याआधी त्या वर्गाच्या विषयशिक्षकाला पाच गोष्टी विचारून घ्याव्यात. पुस्तक कोणत्या पानापर्यंत झाले आहे? मुले किती आणि बाके हलतात का? घरी मराठी बोलणारी, कोकणी बोलणारी आणि कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले साधारण किती? भिंतीवर काही चिकटवता येते का, वीज आणि पडद्याची काय स्थिती? आणि या घटकात मुले दरवर्षी कुठे अडतात? पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तोच बहुधा विचारायचा राहतो. जुन्या शिक्षकाला ते तोंडपाठ असते. विचारले तर दोन मिनिटांत सांगतो.

मग पुस्तक. एकच नव्हे, तीन: खालच्या इयत्तेचे, याच इयत्तेचे आणि वरच्या इयत्तेचे. तोच घटक खाली कुठवर आला होता आणि वर कुठे जाणार आहे हे कळले की काय शिकवायचे नाही ते ठरते. नवख्या टाचणातला अर्धा पसारा असा निघून जातो. एनसीईआरटीची आणि बालभारतीची दोन्ही पुस्तके पीडीएफ रूपात फुकट मिळतात. बालभारतीचे पुस्तक उघडायला काहीच हरकत नाही, मराठी मांडणीसाठी ते उत्तमच; फक्त ते दुसरे पुस्तक म्हणून उघडावे, पहिले म्हणून नव्हे.

यानंतर अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठानंतर मुलांना काय करता यायला हवे ते, एका वाक्यात लिहावी. 'विद्यार्थी भरती-ओहोटी समजून घेतील' हे वाक्य निष्पत्ती नव्हे, कारण समजले की नाही हे दिसणार कसे? 'विद्यार्थी तीन दिवसांच्या भरतीच्या वेळांवरून चौथ्या दिवसाची वेळ काढतील आणि ती रोज पुढे का सरकते ते सांगतील' असे लिहिले की साहित्य काय लागणार हे त्या वाक्यातच सापडते: तीन दिवसांच्या वेळा. दोन चार्ट, एक मॉडेल आणि यूट्यूबचा सात मिनिटांचा व्हिडिओ लागत नाही.

हाच पाठ जरा उलगडून बघण्यासारखा आहे. कोकण किनाऱ्यावर दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सुमारे सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वा अकराच्या आसपास. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. साहित्य काय, तर घरातले तिथीचे कॅलेंडर, वही, आणि मांडवी किंवा झुवारीकाठची एखादी पायरी किंवा जेटीचा खांब. गणिताचा गुणाकार, अपूर्णांक आणि भूगोल एकाच तासाला बसतात.

पण हा पाठ कुठे घसरतो तेही माहीत हवे. पंधराला पाऊणने गुणून मुले ११.२५ लिहितात आणि तिथून सरळ '११ वाजून २५ मिनिटे' म्हणतात. पाव तास म्हणजे पंधरा मिनिटे, हे फळ्यावर घड्याळ काढून आधी घेतले नाही तर सगळे उत्तरच वाकडे जाते. दुसरे, ठोकताळा भरती रोज ४५ मिनिटांनी पुढे नेतो, प्रत्यक्षात ती सरासरी सुमारे ५० मिनिटांनी सरकते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दिसणारच. तो 'चूक' म्हणून झाकू नये, तोच पाठाचा गाभा. तिसरे, क्षय आणि वृद्धी तिथी, म्हणजे पंचांगात गळणारी आणि दोन दिवस येणारी तिथी. ज्या आठवड्यात तिथीचा लोप आहे तो आठवडा पहिल्या पाठाला घेऊ नये. चौथे, जागा. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो, आणि आत जावे तशी भरतीची वेळ उशिरा येते. पणजीतल्या मुलांची नोंद आणि वरच्या अंगाच्या मुलांची नोंद जुळणार नाही. जिथे शाळा आहे तिथल्याच नोंदी घ्याव्यात, आणि मुलांना काठावर एकटे पाठवू नये. घरातल्या मोठ्या माणसाने वेळ लिहून दिली तरी काम भागते.

पावसाचे तसेच. पर्जन्यमापक सगळेच करतात आणि बहुतेकांचा चुकतो. दोन लिटरची प्लास्टिक बाटली खांद्याखाली, जिथून भिंत सरळ होते तिथे कापायची आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ पाच खुरांचा असतो. पट्टी थेट तळापासून लावली की पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरचे माप खोटे येते. म्हणून तळात खडे घालून सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी ओतायचे, तिथे शून्याची रेघ मारायची आणि दर मोजणीनंतर पाणी पुन्हा रेघेवर आणायचे. नरसाळ्याचे तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असली तर पट्टीवरचे मिलिमीटर तेच पावसाचे मिलिमीटर. बाटली पागोळीखाली किंवा माडाखाली ठेवली की आकडा गेलाच. गोव्यात जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटरच्या वर पाऊस सहज होतो, तेव्हा सरळ भाग निदान १५ सेंटिमीटरचा हवा. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. शाळेनेही त्याच वेळी नोंद घेतली तर वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येणाऱ्या आकड्याशी तुलना करता येते. रविवारची नोंद सोमवारी घेतली तर ती 'दोन दिवसांची' अशीच लिहावी.

चवथीच्या दिवसांत तर विज्ञानाच्या शिक्षकाला साहित्य शोधावेच लागू नये. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट, हे वनस्पतीशास्त्राचे टांगलेले पुस्तक आहे: नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगण, कवंडळ, कांगला, घागऱ्या. एकबीजपत्री-द्विबीजपत्री, फळांचे प्रकार, बीजप्रसार, वेली कशाच्या आधाराने चढतात, सगळे त्यातून निघते. दोन पथ्ये पाळावीत. कवंडळ विषारी आहे, त्यामुळे 'चव घेऊन बघा' हा प्रयोग माटोळीवर कधीही नाही. आणि घरच्या माटोळीतले सामान विसर्जनाआधी मागू नये. नोंदी आणि चित्रे आधी, वस्तू नंतर. ख्रिस्ती आणि मुसलमान मुलांनी काय आणायचे हा प्रश्न येतोच. त्यांच्या परसातल्या वेली आणि बिया तितक्याच कामाच्या, म्हणून यादी 'माटोळीचे सामान' अशी न देता 'पावसाळ्यात फळणाऱ्या दहा वनस्पती' अशी द्यावी.

गणिताला बाजार. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर रोजचे भाजीचे दर लिहिलेले असतात. आठवडाभर एकाच गाड्यावरचे दर टिपले की सरासरी, टक्केवारी आणि आलेख यांची सोय झाली. मासळीचा 'वाटा', म्हणजे ठरलेल्या किमतीला विकायला लावलेला ढीग, त्याहून मजेशीर, कारण वाट्याला वजन नसते. दोन वाट्यांतला स्वस्त कोणता हे ठरवायचे तर आधी मोजायचे काय, इथूनच एकमान पद्धत, म्हणजे आधी एकाची किंमत काढणे, सुरू होते. पुस्तकातल्या 'पाच पेनांची किंमत' पेक्षा हे प्रश्न मुले जास्त वेळ धरून ठेवतात.

इतिहासासाठी पाटो, पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा उपयोग छात्राध्यापक फारच कमी करतात. संस्था १८३२ सालची. बहुतेकांना ती परीक्षेच्या अभ्यासाची वाचनखोली म्हणूनच ठाऊक. तिथे जुनी वर्तमानपत्रे बघायला जाताना 'मुक्तिसंग्रामाबद्दल काहीतरी' असे मागू नये. तारीख घेऊन जावे: १९ डिसेंबर १९६१ (मुक्ती), १६ जानेवारी १९६७ (जनमत कौल), ३० मे १९८७ (घटक राज्य), आणि प्रत्येकीच्या आगेमागे आठवडा. जनमत कौलाचे दोन आकडे, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७०, फळ्यावर नुसते लिहिले तरी आठवीचा वर्ग बोलायला लागतो: फरक किती, 'दोन पाने' कशाची खूण आणि 'फूल' कशाची, आणि आमच्या घरी कुणी कुठे मत दिले? शेवटचा प्रश्न मुलांना घरी विचारायला सांगावा, वर्गात कुणालाही उघड सांगायला लावू नये. जखमा अजून कोवळ्या आहेत, हे मराठी वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता इंटरनेट. ते शेवटी आले म्हणून कमी महत्त्वाचे नव्हे, पण निष्पत्ती हातात असल्याशिवाय तिथे जाणे म्हणजे यादी न घेता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शिरणे. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर इयत्ता आणि पुस्तकाप्रमाणे साहित्य आहे, मात्र व्हिडिओ पूर्ण बघितल्याशिवाय वर्गात लावू नये. दहा मिनिटांतली कामाची दीड मिनिटे कोणती ते वेळेसह टाचणात लिहावे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या कृती आणि मराठी पुस्तके मोफत आहेत. तिथली कृती घरी एकदा करून बघावी आणि लागलेल्या वेळाला अडीचने गुणावे, तेवढा वेळ वर्गाला लागतो. कोलोराडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात आणि आधी उतरवून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालतात. प्राथमिकसाठी प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' आहे; गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आणि खुल्या परवान्याच्या, त्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांची नावे ठेवून छापता येतात, बदलताही येतात. भारतीय सर्वेक्षणाचे १:५०,००० चे नकाशे मिळवले तर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि मुलांना आपल्या वाड्याची पायवाट नकाशात सापडते. शब्दांसाठी मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत.

चॅटबॉटकडून टाचण लिहून घेण्याची टूम नवी आहे. ते देखणे असते, पाच पायऱ्या चोख, आणि हाच धोका. त्यातला शब्द पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेशी जुळतोच असे नाही, आणि गोव्याच्या गावाचे, नदीचे, झाडाचे नाव आले की बेधडक चुकते. टाचण स्वतः लिहून झाल्यावर त्याच्याकडून या घटकावर मुले कोणकोणत्या चुका करतील याची यादी किंवा वीस सराव प्रश्न मागवावेत, आणि त्यांतले निम्मे फेकून द्यावेत. पायऱ्या त्याच्या नकोत.

पाचवीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी एक साहित्य दर पाठाला लागतेच, ते म्हणजे शब्दपत्ते. एका पत्त्यावर तीन शब्द: पुस्तकातला इंग्रजी, मराठी परिभाषेतला आणि घरचा. इव्हॅपोरेशन, बाष्पीभवन, आटणे. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागराच्या चित्राखाली हा पत्ता ठेवला की स्पष्टीकरणाची निम्मी वाक्ये वाचतात. एका घटकाला बारापेक्षा जास्त पत्ते करू नयेत. जास्त केले की तो शब्दसंग्रहाचा तास होतो. सात मीटरच्या खोलीत शेवटच्या बाकावरून वाचायचे तर अक्षर किमान चार सेंटिमीटर उंच हवे. देवनागरीत मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्याने रोमनपेक्षा मोठेच.

आणि कृपा करून पावसाळ्यात चार्ट पेपर नको. जूनपासून तो दोन दिवसांत वळतो, चिकटपट्टी भिंत सोडते, स्केचपेनचा रंग पाझरतो. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू, तेलरंगाचा मार्कर आणि दोरीला कपड्यांचे चिमटे, एवढ्यात चार वर्षे टिकणारे साहित्य होते. निवडणुका झाल्यावर फ्लेक्सची आपल्याकडे वाण नसते.

आता मूळ मागणीकडे. सूक्ष्म अध्यापनाच्या, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाच्या, ३६ मिनिटांच्या चक्रात ६ मिनिटे शिकवायला, ६ प्रत्याभरणाला (पाठावरच्या अभिप्रायाला), १२ फेरनियोजनाला आणि पुन्हा सहा-सहा मिनिटे असतात. सर्वांत मोठा वाटा फेरनियोजनाचा, म्हणजे चुकलेले सुधारण्याचा. पण शाळेतल्या खऱ्या पाठात तेवढाच भाग गायब होतो. पाठ झाला, निरीक्षकाची सही झाली, वही जमा झाली, आणि गुण लागल्यावर ती रद्दीत. पाठ कुठे अडला, हे ज्ञान तिच्याबरोबर जाते. पुढच्या तुकडीच्या हाती लागते ती फक्त गुळगुळीत प्रत, जिच्यात प्रत्येक प्रश्नाला अपेक्षित उत्तर आलेले असते.

यासाठी प्रत्येक छात्राध्यापकाने वर्षाला आपले दोनच पाठ निवडून प्रत्येकाचा एका पानाचा कागद लिहावा. त्यात इयत्ता, पुस्तक आणि पान, एक निष्पत्ती, साहित्य, ते कुठून आणले आणि खर्च किती, ठरवलेली मिनिटे आणि लागलेली मिनिटे, पाठ कुठे अडला, मुलांनी विचारलेला अनपेक्षित प्रश्न, आणि पुढच्याने काय बदलावे. मुलांची नावे नाहीत, फोटो नाहीत, शाळेच्या नावाऐवजी फक्त तालुका. पन्नास जणांच्या तुकडीचे शंभर कागद होतात. ते नावाप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे न लावता इयत्ता आणि घटकाप्रमाणे लावावेत, नाहीतर कुणाला काही सापडणार नाही. एक संच महाविद्यालयात, एक पर्वरीच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) आणि तालुका ग्रंथालयांत त्याच्या झेरॉक्स प्रती.

'मग सगळे तेच उतरवतील' हा आक्षेप येईल. एका पानात पायऱ्या आणि प्रश्नोत्तरे नसतात, त्यामुळे त्यातून टाचण उतरवताच येत नाही. कल्पना आणि धोक्याची सूचना तेवढी घेता येते. जो कागद वापरेल त्याने मागच्या बाजूला तारीख, तालुका आणि 'मी काय बदलले' एवढी एक ओळ लिहून तो परत ठेवावा. मागची बाजू भरली की दुसरा कागद जोडायचा. पाठ निरीक्षकांनी नव्या साहित्याला जसे गुण दिले जातात तसेच जुना कागद बदलून वापरल्याबद्दलही द्यावेत, आणि ते देताना मागच्या बाजूची ओळ वाचून द्यावेत, पुढची बघून नव्हे.

आपले,
अध्यापक शिक्षणात काम करणारे काही शिक्षक
फोंडा, गोवा